आत्याच्या गावावरून लाँच गेली

तापोळ्याच्या काठावर लाँच लागली तेव्हा आत्या सगळ्यांच्या आधी पाण्याकडे निघाली. पंच्याहत्तरी गाठलेली बाई. पोहता येत नाही, बोटीत याआधी कधी पाय ठेवलेला नाही. लाँचवाल्या दादांनी हात पुढे केला, "बसा आजी, सावकाश." तिने हात धरला, फळीवर पाय ठेवला आणि मधल्या बाकावर न बसता थेट पुढच्या टोकाला जाऊन बसली. लाइफ जॅकेटचे पट्टे मी बांधून दिले. तिची नजर तोवर पलीकडच्या डोंगरावर लागली होती.

आत्याचं म्हणजे माझ्या वडिलांचं गाव या पाण्याखाली आहे. कोयना धरण झालं तेव्हा जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या खोऱ्यांतली कितीतरी गावं उठली. कुणी सोलापूरकडे गेलं, कुणी रायगड-ठाण्याकडे. आमच्या आजोबांच्या वाट्याला सांगली जिल्ह्यातला माळ आला. भातखाचरं करणारा माणूस कुसळांच्या रानात आणून सोडला. आत्या तेव्हा दहा वर्षांची होती. त्यानंतर ती कधीच इकडे आली नव्हती. यंदा डिसेंबरात मला चार दिवस सुट्टी मिळाली. तिला म्हटलं, गाडीने काठाकाठाने नको, पाण्यावरूनच जाऊ. एक मुक्काम तापोळ्याला, दोन बामणोलीला, मधल्या दिवशी वासोटा किल्ला.

महाबळेश्वरहून तापोळा सुमारे २५ किलोमीटर, सगळा उताराचा घाट. पहिली रात्र काठावरच्या एका घरात काढली. तांदळाची भाकरी, चिलापीचं कालवण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आत्याने भाकरी हातात घेतली, मोडली आणि घरच्या वहिनींना विचारलं, "पीठ उकडीचं का गं?" मग दोघी चुलीपुढे बसल्या त्या दहा वाजेपर्यंत.

सकाळी पाणी दिसतच नव्हतं. धुकं इतकं की काठाला बांधलेल्या लाँचचा नुसता दोर दिसायचा, लाँच नाही. ऊन येईपर्यंत कुणी इंजिन सुरू करत नाही, आणि अंधार पडल्यावर तर पाण्यावर जायचंच नाही असा इथला शिरस्ता. ज्यांना हे पाणी बघायचं आहे त्यांनी दिवस त्याच बेताने आखावा. साडेनऊला निघालो. कोयना, सोळशी आणि कांदाटी ही तिन्ही पाणी तापोळ्याजवळ एक होतात. तिथे पात्र एकदम मोठं होतं आणि वारा तोंडावर येतो. शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा सुमारे ५० किलोमीटर लांबीचा जलाशय. पण नकाशात तो तलावासारखा दिसतच नाही. प्रत्येक ओढ्यात, प्रत्येक खोऱ्यात पाणी हाताच्या बोटासारखं शिरलेलं आहे. उजव्या हाताला कांदाटी खोऱ्याचं दाट रान, डाव्या हाताला उघडे गवताळ उतार.

पर्यटकांची बोट म्हणून आम्ही बसलो होतो खरं, पण इथल्या माणसांची हीच एसटी आहे. वाटेत एक लाँच आडवी गेली. तिच्यात दोन गॅस सिलिंडर, खताची पोती, शाळेचं दप्तर मांडीवर घेतलेली मुलगी आणि एक शेळी. पलीकडच्या गावात रात्री कुणी आजारी पडलं तर आजही जिवाला घोर लागतो. गाव पाण्याखाली गेलं त्यांचं दुःख आपण निदान बोलतो, पण काठावर राहिलेल्यांचा रस्ता बुडाला हे कुणी फारसं बोलत नाही.

मध्येच इंजिनाचा आवाज घुसमटला आणि बंद पडला. पंख्यात मासेमारीचं जाळं गुंतलं होतं. दादा मागच्या कडेवर पालथे पडले, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि कोयत्याच्या टोकाने एकेक फेर कापू लागले. दांड्यावर नायलॉन असं आवळलं होतं की खाली हाताचं बोट शिरेना. वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत आम्ही वाऱ्याने आपोआप काठाकडे सरकलो, आणि आत्या एकाएकी म्हणाली, "आरं थांब. ती सोंड बघ. त्या सोंडंखालीच आपलं गाव."

तिला पाणी ओळखता येणं शक्यच नव्हतं. तिने डोंगराची रेघ ओळखली. वर एक खाच आहे, तिच्यातून सकाळचं पहिलं ऊन अंगणात यायचं म्हणाली. दादांनी हात पुसले, बघितलं आणि गावाचं नाव घेतलं. नाव बरोबर होतं. त्यांच्या वडिलांनी त्यांना पाण्याखालची सगळी गावं पाठ करून दिली होती, कारण पाणी उतरलं की जुन्या झाडांचे बुंधे कुठे लाँचला लागतील ते त्यावरूनच कळतं.

"किती खोल असंल?" आत्याने विचारलं.

दादांनी नांगराच्या दोराला दुसरा दोर जोडला आणि दोन्ही हात फाकून वाव मोजत सोडायला लागले. एक, दोन, तीन. आत्याही मनात मोजत होती, ओठ हलत होते. चौदा वावांना दोर सैल पडला. म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी फूट. नांगर वर आला तेव्हा त्याच्या दाताला काळा चिखल होता. तिने बोटाने थोडा काढला, चोळला, वास घेतला.

"ही आपली माती न्हाई," ती म्हणाली. "आपली तांबडी व्हती. हा गाळ हाय."

पिशवीतून तिने हळदी-कुंकू आणि आमच्या शेतातली मूठभर ज्वारी काढली आणि पाण्यात सोडली. दादांनी इंजिन लगेच सुरू केलं नाही.

मी सांगलीचा. लहानपणापासून कोयना म्हणजे आमच्यासाठी ऑगस्टमधला आकडा. धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचं. दरवाजे किती उचलले, विसर्ग किती, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. २०१९ला ती ५७च्या वर गेली तेव्हा आम्ही पहिल्या मजल्यावरून होडीत उतरलो होतो. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिळतं. कराडच्या खाली टेंभू उपसा योजनेत ते पंपांनी उचलतात, आणि टप्प्याटप्प्याने चढवत दुष्काळी तालुक्यांत नेतात. आमच्या माळावर आता उसाला जे पाणी आहे ते टेंभूचं. बोटीतून टाकलेली ती ज्वारी याच पाण्यावर पिकली होती. हे मला पाण्यावर बसून सुचलं, आणि मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय. पहिलं पाणी आलं तवाच मी वंजळीत घिऊन पेली व्हते."

बामणोलीला दुपारी पोचलो. काठावरच्या तंबूत मुक्काम. रात्री दव इतकं पडलं की सकाळी तंबूचं कापड पिळता आलं असतं.

वासोट्याचं थोडक्यात सांगतो. बामणोलीहून लाँचने दीड तासावर मेट इंदवली. तिथे वनखात्याची चौकी, कारण हे कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं रान आहे. ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा. पिशवीतल्या प्लास्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतात आणि परत येताना पुन्हा मोजतात. हे अगदी योग्य आहे. गडावर मुक्कामाला बंदी आहे, आणि संध्याकाळी लाँच गाठायची असल्याने लवकर निघावं. अर्धी वाट गर्द झाडीतून, शेवटचा टप्पा कातळातल्या पायऱ्यांचा. दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांना कुटुंबासह इथेच ठेवलं होतं, १८१८ला इंग्रजांनी गड घेतला. पश्चिमेला कोकणात कोसळणारा कडा आणि समोर जुना वासोटा. मी मात्र जास्त वेळ पूर्वेकडे तोंड करून बसलो. इतक्या उंचावरून लाँच मोहरीएवढी दिसते, आणि तिच्या मागची पांढरी रेघ बराच वेळ पुसत नाही. आत्या खाली चौकीपाशी झाडाखाली बसून होती. मी उतरलो तोवर तिथल्या माणसांकडून तिने खोऱ्यातली कोणती माणसं कुठे गेली याचा सगळा हिशोब गोळा केला होता.

तिसऱ्या रात्री काठावर शेकोटीपाशी लाँचवाले दादा आले. आत्याने त्यांना एकच गोष्ट विचारली. पाणी सगळ्यांत खाली कधी जातं?

"मे महिन्याच्या शेवटाला. पाऊस लांबला त्या सालात देवळांचे चौथरे उघडे पडतात. तुमच्या गावाचा पार मी दोनदा बघितलाय."

"पार हाय अजून?"

"हाय की. दगडी हाय, त्याला काय होतंय."

चौथ्या दिवशी कासच्या पठारावरून साताऱ्याला उतरताना ती गाडीत गप्प होती. यवतेश्वर मागे पडलं, खाली शहर दिसायला लागलं, तेव्हा तिने माझ्या दंडाला हात लावला.

"मे म्हयन्यात रजा मिळंल का रं तुला?"