‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ मुळातून वाचताना

इंग्रज कवी जेफ्री चॉसरचे १३८० च्या दशकातील ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ हे शोककाव्य मी विद्यार्थिदशेत आधुनिक इंग्रजी रूपांतरात वाचले होते आणि क्रिसेड म्हणजे वचन मोडणारी स्त्री, एवढाच ठसा मनावर उरला होता. गेल्या वर्षी ते मुळातून वाचायला घेतले. पाच सर्ग, ८,२३९ ओळी, सात ओळींचे एकेक कडवे. रोज पंधरा कडवी मोठ्याने वाचायची, असा नेम केला, कारण ती जुनी इंग्रजी डोळ्यांना परकी वाटली तरी कानाला लवकर ओळखीची होते.

दुसऱ्या सर्गात मी सर्वांत जास्त रेंगाळलो. ग्रीकांनी वेढलेल्या ट्रॉय नगराच्या राजपुत्रावर, ट्रॉयलसवर, प्रेम मंदिरातल्या एका दृष्टिक्षेपात कोसळते. क्रिसेडच्या मनात मात्र ते पावलापावलाने शिरते. युद्धावरून परतणारा, शिरस्त्राण फुटलेला, लोकांच्या जयघोषाने लाजणारा ट्रॉयलस तिला खिडकीतून दिसतो आणि ती स्वतःशीच विचारते, ‘मला हे कोणी पाजले?’ तरीही शत्रूला, ग्रीकांना, जाऊन मिळालेल्या बापाची ही विधवा मुलगी लगेच भाळत नाही. आपले स्वातंत्र्य आणि लोकापवाद यांचा ती शांतपणे विचार करते.

चौथ्या सर्गातील ट्रॉयलसचे दैवावरचे लांबलचक स्वगत मला कळेना, म्हणून चॉसरने स्वतः अनुवादित केलेला रोमन तत्त्वज्ञ बोएथियसचा ग्रंथ आधी वाचावा लागला. पण दैवाचे चाक खरे फिरते ते ट्रॉयच्या सभेत. ग्रीकांच्या कैदेतील ट्रॉयकर अँटेनॉरच्या बदल्यात क्रिसेडला ग्रीकांच्या हवाली करावे, असा लोक गलका करतात. आम्ही इथे स्त्रिया विकत नाही, हे ट्रॉयलसचा भाऊ हेक्टर याचे बोल कोणी ऐकत नाही, आणि पुढे नगराचा घात करतो तो हाच अँटेनॉर. हे वाचल्यावर सारा दोष क्रिसेडवर टाकणे मला अन्यायाचे वाटू लागले.

तिच्या रूपाचे सविस्तर वर्णन कवी थेट पाचव्या सर्गात, ती ग्रीकांच्या छावणीत असताना करतो. जुळलेल्या भुवया एवढेच काय ते तिच्यात उणे, असे तो म्हणतो, आणि तेवढ्याने ती मला अधिक जवळची झाली. ट्रॉयलसला दिलेले दहा दिवसांत परतण्याचे वचन तोवर हुकण्याच्या वाटेवर असते. पुढे निरोपाच्या वेळी ट्रॉयलसने तिला दिलेला ब्रोच तिचे मन वळवणाऱ्या ग्रीक योद्ध्याच्या, डायोमीडच्या, अंगरख्यावर सापडतो, तेव्हा ट्रॉयलस म्हणतो की, दिवसाच्या चौथ्या हिश्शापुरतेही तुझ्यावरचे प्रेम मला मनातून काढता येत नाही. त्या दिवशीची पंधरा कडवी अजून पुरी व्हायची होती, तरी मी पुस्तक मिटले.