सोलापूरहून कांगेर घाटी: गुहेत उतरण्याआधी

जुन्या शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला की बारीक फेस येतो आणि पांढुरका डाग राहतो. ती फरशी चुनखडीची, आम्लाने विरघळणारी. छत्तीसगडच्या बस्तरमधल्या कांगेर घाटीतल्या गुहा अशाच घडल्या. पावसाचं पाणी हवेतला नि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनतं, फटींतून झिरपत खडक खातं. गुहेत ठिबकताना तो वायू निसटतो आणि विरघळलेला चुना पुन्हा दगड होऊन छताला लोंबतो. आपल्या काळ्या बेसाल्ट दगडात हे होत नाही, म्हणून आपल्याकडे लेणी कोरावी लागली.

आधी जायचं जगदलपूरला, ते घाटीजवळचं शहर. सोलापूरहून कोणार्क एक्सप्रेसने विशाखापट्टणम, तिथे मुक्काम आणि सकाळी किरंदुलची गाडी. ती अरकूच्या घाटातून दिवसाउजेडी जाते. वेळ कमी असेल तर हैदराबादहून रात्रीची बस. पावसाळ्यात मात्र जाऊच नका: गुहेत पाणी भरतं, ती बंद असते आणि घाटात दरडीही कोसळतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

कोटुमसर ही मुख्य गुहा. १९५०च्या दशकात प्राध्यापक शंकर तिवारींनी तिचा अभ्यास केला. तोंड अरुंद, वाकून उतरावं लागतं, पुढे पायऱ्या ओल्या आणि चिकणमातीने निसरड्या. चप्पल नको, खाचांच्या तळव्याचे बूट हवेत. साडीपेक्षा सलवार किंवा पँट बरी. बाहेर थंडी असली तरी आत दमट उकाडा असतो, त्यामुळे चष्मा आणि मोबाइलची काच लगेच धुरकटते. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून डोक्याला बांधायची बॅटरी घ्या. आत हवा कोंदट, म्हणून दमा किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी बाहेरच थांबावं. गाइडला सोडून पुढे जाऊ नये.

लोंबत्या दगडांना हात लावू नका, ही विनंती कळकळीची आहे. बोटांचं तेल लागलं की तिथे पाणी नीट पसरत नाही, चुना बसत नाही आणि तो भाग काळवंडतो. कडक भाकरी नि शेंगाची चटणी रेल्वेतच संपवा. आत पडलेल्या कणांवर बुरशी धरते, आणि तिथल्या जिवांची घडी मोजक्याच अन्नावर बसलेली असते. डबक्यांत एक फिकट मासा दिसतो, डोळे फारच लहान. त्याची उजेडातली जात १८७२ साली पुण्यातून नोंदली गेली, म्हणजे आपल्या भीमेच्याच खोऱ्यातून! त्याच्यावर झोत रोखू नका.

वाघासाठी इथे येऊ नये. साल आणि साग यांची जंगलं इथे एकमेकांत मिसळतात, तेच बघण्यासारखं. पहाटे झाडांच्या शेंड्यांकडे कान द्या, पहाडी मैना शिट्ट्या घालते. ही छत्तीसगडची राज्यपक्षी. ती झाडांच्या ढोल्यांत घरटं करते, म्हणून वाळकं झाडही तोडू नये. गुहा सकाळी उरकून दुपारी तीरथगडचा धबधबा बघा. चढून परत येताना गुडघे बोलतात.

बस्तरमध्ये मलेरिया आहे. संध्याकाळी पूर्ण बाह्या, डास पळवणारं मलम, रात्री मच्छरदाणी. सोलापुरात परतल्यावर महिना-दोन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना बस्तरचा प्रवास आधी सांगा आणि रक्त त्याच दिवशी तपासून घ्या.