जीसी आहे म्हणून टेलिफोनीत चालत नाही म्हणे!

आज ऑफिसात दुपारभर एकच वाद, नवा व्हॉइस सर्व्हर जावात लिहायचा की सी प्लस प्लसमध्ये. आमचे एक सिनियर एकदम ठाम, गार्बेज कलेक्शनवाली (जीसी, म्हणजे न लागणारी मेमरी आपोआप साफ करणारी) भाषा टेलिफोनीत चालतच नाही म्हणे. आता त्यांचं अगदीच चूक नाहीये हां, आवाजाचं पॅकेट साधारण दर २० मिलिसेकंदाला जातं, म्हणजे सेकंदाला ५०, आणि मधेच जीसीने सगळे थ्रेड (प्रोग्रॅमची एकाच वेळी चालणारी कामं) २०० मिलिसेकंद रोखून धरले की १० पॅकेटं लटकली, पॅकेटांचा उशीर सावरून घेणारा जिटर बफर तरी किती सांभाळणार, समोरचा नुसता हॅलो हॅलो करत बसतो.

पण अहो, एरलँग ही प्रोग्रॅमिंगची भाषा कुठे जन्मली? स्वीडनमध्ये, एरिक्सनच्या लॅबमध्ये, १९८६ च्या सुमारास, टेलिफोन एक्स्चेंजचाच विचार करून! आणि तिच्यात जीसी आहेच की. फक्त तिथे प्रत्येक छोट्या प्रोसेसचा हीप (मेमरीचा वाटा) वेगळा, त्यामुळे साफसफाईला ती एकटीच थांबते, बाकीचे कॉल चालू. वाड्यात एका बिऱ्हाडाने सारवायला काढलं म्हणून शेजारच्यांची चूल बंद होत नाही, तसं.

अर्थात एरिक्सनच्या एएक्सडी ३०१ स्विचमध्येही एरलँगकडे होतं ते कंट्रोलचं काम, प्रत्यक्ष डेटा हार्डवेअरमधूनच जायचा, हे मीच सांगून टाकलं, नाहीतर त्यांनी लगेच पकडलं असतं. माझं मत विचाराल तर सिग्नलिंग (कॉल जोडणं-तोडणं) खुशाल जीसीवाल्या भाषेत लिहा, मीडिया (प्रत्यक्ष आवाज) मात्र सी किंवा रस्टमध्ये. जावातला झेडजीसी नावाचा जीसी आता पॉज (सगळं थांबण्याचा वेळ) १ मिलिसेकंदाच्या आत ठेवतो, तोही ट्राय करायचाय. उद्या लोड टाकून मोजायचं ठरलंय, चहाचे पैसे त्यांनीच दिले 😄