मारा ते सेरेंगेटी : मधला दिवस आधी आखा

नकाशावर मासाई मारा आणि सेरेंगेटी ही आफ्रिकेतली दोन जंगलं एकमेकांना चिकटून आहेत. मारा केनियात, १,५१० चौरस किलोमीटरचं. सेरेंगेटी टांझानियात, १४,७६३ चौरस किलोमीटरचं. मध्ये कुंपण नाही, की भिंत नाही. गवतात दूरदूर उभे असलेले सिमेंटचे छोटे खांब, एवढीच काय ती सीमा. विल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे, कळप ती चरता चरता ओलांडतात. आम्हाला मात्र त्यासाठी पहाट ते संध्याकाळ असा अख्खा दिवस लागला. या प्रवासातलं मला सगळ्यात आधी सांगायचंय ते हेच, कारण सहल आखताना याच दिवसाकडे कोणी लक्ष देत नाही.

दोन्ही जंगलांना जोडणारा सरळ रस्ता आहे. माराच्या बाजूला सँड रिव्हर गेट, पलीकडे बोलोगोंजा. पण १९७७ साली तेव्हाचा पूर्व आफ्रिकी समुदाय (केनिया, टांझानिया, युगांडा यांची संघटना) मोडला, टांझानियाने सीमा बंद केली आणि पर्यटकांसाठी ही वाट तेव्हापासून बंदच आहे. त्यामुळे पश्चिमेला वळसा घालून इसेबानिया-सिरारीच्या नाक्यावरून जावं लागतं. केनियातली सफारीची गाडी तिथेच सोडायची आणि पलीकडे टांझानियाची दुसरी गाडी घ्यायची.

आम्ही चौघं होतो. दादा, वहिनी, मी आणि बहात्तर वर्षांचे बाबा. आम्ही नागपूरकर, त्यामुळे ताडोबा, पेंच, नवेगाव म्हणजे घरचंच अंगण. जंगल म्हणजे बांबू, पाणवठा आणि वानरांचा कॉल, हेच डोक्यात घट्ट बसलेलं. २०२५च्या सप्टेंबरात निघालो. महिना मारा नदीसाठी निवडला होता, विल्डबीस्टचे कळप ती ओलांडतात ते बघायला.

महिन्याचं गणित आधी समजून घ्या, बाकी सगळं त्यावर ठरतं. हे कळप वर्षभर गोल फिरत असतात. जानेवारी ते मार्च ते सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्दुतूच्या आखूड गवतात असतात. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची, गवतात क्षार भरपूर, म्हणून विणीचा हंगामही तिथेच, मुख्यतः फेब्रुवारीत. मे-जूनमध्ये पश्चिमेला ग्रुमेती नदीकडे. जुलै ते ऑक्टोबर उत्तर सेरेंगेटीत आणि मारात. पाऊस सुरू झाला की नोव्हेंबरात पुन्हा दक्षिणेकडे. म्हणजे फेब्रुवारीत जाणार असाल तर मारा सोडा, सगळे दिवस न्दुतू आणि सेरेंगेटीच्या मधल्या सेरोनेराला द्या. दोन्ही जंगलं एकाच दौऱ्यात करण्याला खरा अर्थ जुलै ते ऑक्टोबर याच काळात आहे.

मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, साधारण सहा तासांचं. म्हणून सुरुवात मारापासून करावी आणि परतीचं तिकीट टांझानियातल्या किलिमांजारो विमानतळाहून काढावं. आम्ही अदिस अबाबामार्गे परतलो. उलटं फिरून पुन्हा नैरोबी गाठण्यात एक दिवस जातो आणि केनियात दुसऱ्यांदा शिरायचा कागदी प्रश्नही उभा राहतो.

नैरोबी ते मारा हा रस्ता पाच-सहा तासांचा. आम्ही संध्याकाळी चारला सेकेनानी गेटजवळ पोहोचलो आणि आत न जाता बाहेरच्याच कॅम्पमध्ये थांबलो. हे मुद्दाम केलं. माराचं तिकीट जुलै ते डिसेंबर माणशी दिवसाला २०० डॉलर आहे (जानेवारी ते जून १००) आणि ते सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच चालतं. चारला आत शिरलात तर दोन तासांसाठी पूर्ण २०० डॉलर मोजाल. चौघांचे आठशे होतात! त्यापेक्षा पहिली संध्याकाळ आराम करा, दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला गेटवर हजर राहा. जंगलाच्या आत मुक्काम असेल तर शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या आत बाहेर पडायचं असतं, नाहीतर आणखी एका दिवसाचं तिकीट लागतं. कोटेशन हातात आलं की आधी हे तास तपासा.

माराने आम्हाला बघायला शिकवलं. ताडोब्यात गाईड कानाने जंगल वाचतो. चितळ ओरडलं, वानर खेकसलं, की गाडी वळते. इथे कान नाही, डोळे लागतात. टोपी नावाचं तांबूस हरीण असतं, ते वारुळावर चढून उभं राहतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन टोपी तीन वारुळांवर, आणि तिघांच्याही माना एकाच दिशेला. आमच्या ड्रायव्हरने गाडी तिकडे घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, आता बसा. पंधरा मिनिटं काही नाही. मग गवताचाच एक तुकडा हलला आणि सिंहीण उठून बसली. तिच्या मागे एक, दोन, मग तिसरं पिल्लू. एक पिल्लू आमच्या गाडीच्या सावलीत येऊन आडवं झालं, इतकं जवळ की त्याच्या कानातल्या गोचिड्या दिसत होत्या. बाबा पाऊण तास काही बोलले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, “वाघ दिसतो तेव्हा तो निघालेला असतो. ही घरी बसलेली दिसली.”

असं बसायला मिळावं असं वाटत असेल तर गाडी फक्त आपली हवी. सहा-सात अनोळखी माणसांच्या व्हॅनमध्ये कोणीतरी दहा मिनिटांत “चला, पुढे” म्हणतंच. आणि एका ठिकाणी किमान तीन रात्री द्या. सात दिवसांत पाच जंगलं असा कार्यक्रम कोणी दिला तर त्यातली दोन सरळ काढून टाका. पैसे वाचतील आणि जनावरंही जास्त दिसतील.

माराची माती काळी, आपल्या विदर्भातल्या कापसाच्या जमिनीसारखी. तिसऱ्या दुपारी अर्धा तास पाऊस काय झाला, लँड क्रूझर दोन्ही मागच्या चाकांवर रुतली. बाबांनी खिडकीतून वाकून चिखल बघितला आणि म्हणाले, “ही तर आपलीच जमीन आहे, ही सोडायची नाही.” दुसरी गाडी येऊन ओढेपर्यंत पन्नास मिनिटं गेली. पावसाची शक्यता असेल तेव्हा व्हॅन घेऊ नका, फोर बाय फोरच घ्या. आणि गाडीतून उतरायचं नाही म्हणजे नाही, चाक रुतलेलं असलं तरी आधी ड्रायव्हर चारी बाजूंना दुर्बिणीने बघेल, तो सांगेल तेव्हाच.

आता तो मधला दिवस. सहल ठरवताना आमच्या एजंटने “अंतर साठ किलोमीटर, जेवायला सेरेंगेटीत” असं सांगितलं होतं. ते अंतर बंद रस्त्याचं! प्रत्यक्षात आम्ही सेकेनानीच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूला होतो. तिथून अख्खं मारा ओलांडून पश्चिमेच्या ओलोलोलो गेटने बाहेर, घाट चढून लोल्गोरियन आणि मग इसेबानिया. पहाटे निघून आम्ही साडेबाराला नाक्यावर. तिथे एकाच इमारतीत दोन्ही देशांच्या खिडक्या आहेत, पिवळ्या तापाचं कार्ड बघतात, शिक्के मारतात. हे काम पाऊण तासात झालं. पण टांझानियाची गाडी आलीच नव्हती. एजंटने तिकडच्या ड्रायव्हरचा नंबर दिला नव्हता आणि फोन लावला तर “येतेय, येतेय”. बाबा बॅगेवर बसून राहिले, दोन तास. सेरेंगेटीच्या लामाई गेटवर नोंद झाली तेव्हा पावणेपाच वाजले होते. उत्तर सेरेंगेटीत, नदीकाठच्या कोगातेंदेला आमच्या फक्त दोन रात्री होत्या, त्यातली नदीवरची एक संध्याकाळ अशी गेली. त्याचं अजून वाईट वाटतं, कारण ते टाळता आलं असतं.

तुम्ही असं करा. माराची शेवटची रात्र पश्चिमेला, मारा ट्रँगलमध्ये किंवा ओलोलोलो गेटजवळ घ्या. टांझानियाच्या ड्रायव्हरने आदल्या रात्री सीमेपलीकडच्या तारिमे गावात मुक्काम करायचा, हे बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या. दोन्ही ड्रायव्हरांचे नंबर आधी घ्या. जेवणाचे डबे बरोबर ठेवा. खर्च परवडत असेल तर छोट्या विमानाचाही मार्ग आहे. मारा ते सीमेअलीकडचं मिगोरी विमान, सीमा रस्त्याने, मग तारिमे ते कोगातेंदे विमान. त्यात सामान माणशी १५ किलो आणि बॅग मऊ हवी, चाकांची कडक बॅग चालत नाही.

कागदांचं थोडक्यात सांगते. केनियासाठी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, तीस डॉलरच्या आसपास. टांझानियाचा व्हिसा वेगळा, भारतीयांना ५० डॉलर. ‘पूर्व आफ्रिका पर्यटन व्हिसा’ म्हणून जो मिळतो तो केनिया, युगांडा, रवांडाचा असतो, टांझानिया त्यात नाही. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. कार्ड नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. साठीच्या पुढच्या माणसांना ही लस द्यायची की नाही हे डॉक्टर तपासून ठरवतात. बाबांच्या बाबतीत यातच तीन आठवडे गेले, म्हणून तिकिटं काढायच्या आधी हे काम उरका. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारून घ्या.

कपडे मातकट रंगाचे. गडद निळा आणि काळा टाळा, त्से-त्से माशा त्या रंगांवर येतात आणि त्यांचा चावा शर्टातूनही लागतो. लष्करी छपाईचे कपडे नकोत. पहाटे उघड्या टपाच्या गाडीत चांगलीच थंडी वाजते, बाबांना कानटोपी लागली. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना दोन्ही देशांत बंदी आहे, खाऊ कापडी पिशव्यांत भरा. कॅमेऱ्यासाठी रिकामी शिवलेली पिशवी न्यायची आणि तिकडे तांदूळ भरायचे, खिडकीवर ठेवून त्याहून स्थिर टेकू मिळत नाही. शाकाहारी जेवणाची काळजी करू नका, आधी कळवलं की वरण-भाताच्या जवळपासचं सगळं मिळतं. कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला तिकडे ‘कचुंबरी’ म्हणतात, गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’. वहिनी रोज एक नवा शब्द शोधून आणायच्या.

कोगातेंदेला नदीवर जिथून कळप उतरतात त्या जागांना क्रमांक दिलेले आहेत. सकाळी साडेनऊला आम्ही एका जागी थांबलो. समोरच्या काठावर हजारो जनावरं, आणि त्यांचं ते अखंड हुंकारणं, जणू जमिनीतून येणारं. पुढचा कळप पाण्यापर्यंत आला, एका झेब्र्याने तोंड लावलं. तेवढ्यात आमच्या काठावरच्या चार-पाच गाड्या फोटोसाठी पार कडेला धावल्या आणि सगळा कळप मागे फिरला. दोन तासांनी पुन्हा तेच. आम्ही ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवलं होतं, पहिलं जनावर पाण्यात पडेपर्यंत आपण झुडपामागेच थांबायचं, दिसलं नाही तरी चालेल. तुम्हीही सांगा, मनापासून सांगते. बरेचदा ड्रायव्हर पाहुण्यांच्या आग्रहाखातरच पुढे जातात.

दुपारी सव्वादोनला काय झालं कोण जाणे, एकाने उडी घेतली आणि मग धूळच धूळ. दहा मिनिटं एका रांगेत, एकमेकांच्या पाठीवर आदळत ते येत राहिले. दरवर्षी सरासरी सहा हजारांहून जास्त विल्डबीस्ट या नदीत बुडतात, असं अभ्यासकांनी मोजलंय. त्या दिवशी मगरीने एक ओढलेलं मी बघितलं. पण माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे ते एक वासरू, फेब्रुवारीतलं असेल तर सात महिन्यांचं. आमच्या काठावर चढलं, निथळत उभं राहिलं, आणि ओरडत रांगेच्या उलट दिशेला धावायला लागलं. परत पाण्यापर्यंत गेलं. बाबा दुर्बीण खाली ठेवेनात. बऱ्याच वेळाने एक मादी ओलीचिंब वर आली, तिने वासराला हुंगलं आणि दोघं चालू लागले.

सेरोनेराच्या दोन रात्रींबद्दल फार लिहीत नाही. बिबट्या सॉसेज ट्रीच्या आडव्या फांदीवर होता, चित्ता दिसला. मारापेक्षा गाड्यांची गर्दी कमी आणि आभाळ मोठं.

शेवटचं गणित सेरेंगेटीच्या तिकिटाचं. आम्ही गेलो तेव्हा, सप्टेंबर २०२५मध्ये, माणशी ७० डॉलर आणि वर १८ टक्के कर होता. इथे ते प्रवेशाच्या क्षणापासून २४ तास चालतं. आम्ही पावणेपाचला शिरलो होतो, म्हणजे शेवटच्या दिवशी पावणेपाचपर्यंत हक्काने थांबता येईल, असं दादाला वाटलं. पण नाबी हिल गेटमधून बाहेर पडलं की पुढे न्गोरोंगोरोचा प्रदेश लागतो. नुसतं पार जायलाही तिथे वेगळं शुल्क आहे आणि त्याचं पलीकडचं लोदुआरे गेट सहाला बंद होतं. त्या गेटपलीकडच्या कारातू गावात मुक्काम असेल तर नाबी हिल दुपारी तीनच्या आत सोडावंच लागतं. सीमेवर गेलेले ते तास शेवटी परत मिळाले नाहीत. आम्ही एकला निघालो. सिंबा कोप्येच्या खडकांवर एक सिंहीण पहुडली होती. ड्रायव्हरने घड्याळ बघितलं, मग बाबांकडे बघितलं, आणि इंजिन बंद केलं.