कॉन्फरन्सची सरासरी येते कुठून? क्रमवारीच्या कामाची नोंद

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या २०२४ च्या मोसमाची कोली पद्धतीने लावलेली क्रमवारी आता पूर्ण झाली आहे. या कामातून संघांपेक्षा कॉन्फरन्सच्या (म्हणजे आपसांत ठरावीक सामने खेळणाऱ्या संघांच्या गटांच्या) तुलनेविषयी जे हाती लागले ते मला अधिक मोलाचे वाटते, म्हणून ही नोंद मुख्यतः त्याविषयी आहे. सर्वोच्च विभागात त्या मोसमात १३४ संघ होते आणि नियमित मोसमात प्रत्येकाच्या वाट्याला साधारण बाराच सामने आले. म्हणजे बहुतेक संघांची एकमेकांशी गाठच पडत नाही, आणि प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीचा हिशेब धरल्याशिवाय नुसत्या विजय-पराभवांना फारसा अर्थ उरत नाही.

खगोलभौतिकीचे अभ्यासक वेस्ली कोली यांची ही पद्धत बीसीएसच्या, म्हणजे राष्ट्रीय अंतिम सामन्याचे संघ ठरवणाऱ्या जुन्या व्यवस्थेच्या, काळातील अधिकृत संगणकीय क्रमवारींपैकी एक होती. संघाचे विजय वजा पराभव घेऊन त्याचे निम्मे करायचे, त्यात एक आणि सर्व प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांकनांची बेरीज मिळवायची, आणि आलेल्या संख्येला ‘सामने अधिक दोन’ने भागायचे; उत्तर येते ते त्या संघाचे गुणांकन. प्रतिस्पर्ध्याचे गुणांकनही याच सूत्रातून येत असल्याने सर्व समीकरणे एकाच वेळी सोडवावी लागतात. सर्वांची सरासरी नेहमी ०.५ राहते. गुणफरक, मैदान, गेल्या वर्षीचा लौकिक यांपैकी काहीही या सूत्रात शिरत नाही, आणि आरंभ करण्यासाठी मी हीच पद्धत निवडली त्याचे कारण हेच.

आता एखाद्या कॉन्फरन्समधील सर्व संघांची समीकरणे एकत्र मिळवून पाहावीत. अंतर्गत सामन्यातील एकाचा विजय हा दुसऱ्या सदस्याचा पराभव असतो, त्यामुळे विजय-पराभवाच्या बाजूला शून्य उरते. आणि सर्व सदस्य सारखेच अंतर्गत सामने खेळत असतील, तर त्या सामन्यांतील प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांकनांची बेरीजही दोन्ही बाजूंना सारखीच येऊन कटते. घरातल्या घरात पैसे या खिशातून त्या खिशात गेले तर घराची शिल्लक बदलत नाही, तसेच हे आहे. एसईसी आणि बिग टेन या दोन बलाढ्य कॉन्फरन्स घेऊ. एसईसीच्या प्रत्येक संघाने बारापैकी आठ सामने आपसांत खेळले, म्हणून चौदाचा भाजक सहावर येतो. बिग टेनमध्ये अंतर्गत सामने नऊ असल्याने तो पाचच उरतो. विजेतेपदाच्या अंतिम सामन्याने यात थोडा फरक पडतो, पण मूळ गोष्ट तीच राहते: कॉन्फरन्सची सरासरी केवळ बाहेरच्या सामन्यांतून ठरते.

याचा परिणाम मोठा आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हँडरबिल्टने तेव्हा पहिल्या क्रमांकावर असलेल्या अलाबामाला ४०-३५ असे हरवले. अशा निकालावरून एसईसीमध्ये तळापर्यंत किती ताकद आहे, हे सांगण्याचा मोह होतो. व्हँडरबिल्टचे गुणांकन त्यामुळे वाढते आणि अलाबामाचे घटते, हे खरे. परंतु कॉन्फरन्सच्या सरासरीत या सामन्याचा थेट वाटा शून्य आहे. तळाचा संघ बलवान आहे की वरचा संघ वाटतो तितका बलवान नाही, हे तो निकाल एकटा सांगूच शकत नाही. याउलट, सोळा संघांच्या एसईसीने बाहेरचा एखादा जिंकलेला सामना गमावला असता, तर सरासरी सुमारे १/९६, म्हणजे ०.०१०४ इतकी खाली आली असती (प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांकनांतून परत येणारा परिणाम येथे धरलेला नाही). अठरा संघांच्या बिग टेनसाठी हाच आकडा १/९० आहे.

एसईसीचे असे बाहेरचे सामने ६४ आणि बिग टेनचे ५४ होतात. त्यांतले पुष्कळ लहान कॉन्फरन्सच्या किंवा खालच्या विभागातल्या, म्हणजे एफसीएसच्या संघांशी असतात आणि बहुतांशी सप्टेंबरमध्येच उरकतात. दोन बलाढ्य कॉन्फरन्सची तुलना अखेरीस मोजक्या थेट लढतींवर तोललेली असते, आणि नोव्हेंबरमध्ये संघ कितीही बदललेले असले तरी ते माप सप्टेंबरचेच राहते.

एकच निकाल किती दूर जातो, हे पाहण्यासाठी मी ७ सप्टेंबर २०२४ चा सामना निवडला. मॅक या लहान कॉन्फरन्सच्या नॉर्दर्न इलिनॉयने नोटर डेमला तिच्याच मैदानावर १६-१४ असे हरवले, आणि पुढच्याच सामन्यात बफेलोने नॉर्दर्न इलिनॉयला जादा वेळेत २३-२० असे नमवले. नोटर डेम त्यानंतर थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. तिच्या प्रत्येक नव्या विजयाबरोबर नॉर्दर्न इलिनॉयचे गुणांकन किंचित वर सरकते, त्यामागून बफेलोचे, आणि हळूहळू सबंध मॅकचे. तो सामना गणनेतून काढून पाहण्याची तपासणी मला अतिशय उद्बोधक वाटली, म्हणून यापुढे कॉन्फरन्सची सरासरी एकाच आकड्यात न देता, बाहेरचा एकेक सामना वगळून येणारा पल्ला तिच्यासोबत देण्याचे मी ठरवले आहे.

गणना सोपी करण्यासाठी सर्व एफसीएस संघांना मिळून एकच काल्पनिक संघ मानण्याची सोय मला पटत नाही. १ सप्टेंबर २००७ रोजी मिशिगनला तिच्या मैदानावर ३४-३२ असे हरवणारा ॲपलाचियन स्टेट तेव्हा एफसीएसमध्येच होता. शिवाय २०१० मध्ये कोली यांच्या अखेरच्या यादीत वेस्टर्न इलिनॉय विरुद्ध ॲपलाचियन स्टेट हा एफसीएसचा एक सामना राहून गेला होता. तो धरल्यावर बीसीएसच्या यादीत एलएसयू दहाव्यावरून अकराव्या स्थानी गेली आणि बॉइझी स्टेट दहावी झाली. त्या दोघी या सामन्यात नव्हत्याच, तरीही त्यांची अदलाबदल झाली! त्यामुळे एफसीएसचे निकाल मी संपूर्ण भरणार आहे.

पुढचा टप्पा गुणफरकाचा आहे. ऑरेगनने ओहायो स्टेटला ऑक्टोबरमध्ये ३२-३१ असे हरवले आणि नंतर रोझ बोल या सामन्यात ओहायो स्टेटने ४१-२१ अशी परतफेड केली. कोलीच्या हिशेबात हे दोन निकाल समान वजनाचे आहेत. किमान वर्ग पद्धतीत, म्हणजे प्रत्यक्ष गुणफरकांशी शक्य तितकी जुळणारी गुणांकने शोधणाऱ्या पद्धतीत, तसे होत नाही. अर्थात अंतर्गत सामन्यांतील गुणफरकांची बेरीजही शून्यच येते, म्हणजे मूळ अडचण तेथेही कायम आहे. फक्त बाहेरच्या प्रत्येक सामन्यातून थोडी अधिक माहिती मिळते. त्या गुणफरकाला कमाल मर्यादा किती घालावी, यावर सध्या काम चालू आहे. एसईसी २०२६ पासून नऊ अंतर्गत सामन्यांकडे वळत असल्याने तिचा भाजकही पाच होईल आणि बाहेरचे सामने ६४ वरून ४८ वर येतील, म्हणून ही मर्यादा त्याआधी निश्चित करायची आहे.