टमी टकच्या आधी मी मावा लपवला, माझा अनुभव

वजन ११८ वरनं ८० किलोवर आणायला मला पावणेदोन वर्षं लागली. रोज पहाटे कंबर तलावाला चालणं, रात्रीची भाकरी निम्मी, गोड बंद. वजन उतरलं पण पोटाची कातडी तशीच लोंबत राहिली. आपल्या सोलापूरचा उन्हाळा माहितीये तुम्हाला, पारा ४२-४३ ला जातो, त्या घडीत घाम साचायचा, कातडी लाल होऊन चिरायची, पावडर मलम लावून लावून वैताग आला होता. शर्ट इन करायची लाज वाटायची ती वेगळीच. शेवटी टमी टक, म्हणजे पोटाची लोंबणारी कातडी कापून काढायचं ऑपरेशन, करायचं ठरवलं. मेडिक्लेममध्ये हे कॉस्मेटिक म्हणून बसत नाही, म्हणजे पैसे सगळे घरचे, त्यामुळं बायकोला पटवण्यातच दोन महिने गेले.

नोव्हेंबरात प्लास्टिक सर्जन मॅडमकडं गेलो. त्यांनी वजन, शुगर सगळं विचारलं आणि मग तंबाखू-दारूवर आल्या. मी म्हणालो सिगारेट, दिवसाला दोन-तीन, आणि शनिवारी कधीतरी मित्रांत बसतो. खरं काय होतं तर सिगारेट आठ-दहा व्हायच्या, आणि मावा? तंबाखू-सुपारी-चुना घोटलेला तो मावा मी सांगितलाच नाही. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे मी, रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून मावा सुरू झालेला, दिवसाला तीन पुड्या जायच्या. बायको शेजारी बसली होती म्हणून नाही सांगितलं आणि शिवाय डोक्यात असं की धूर फुफ्फुसात जातो, मावा काय तोंडातच असतो, त्याचा पोटाच्या ऑपरेशनशी काय संबंध.

मॅडमनी तेव्हाच स्पष्ट सांगितलेलं, ऑपरेशनच्या आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे निकोटिन असलेलं काहीही नको. मी त्यातलं सिगारेट एवढंच ऐकलं. सिगारेट बंद केली खरी. पण तलफ कुठं जाणार, तीनच्या पाच पुड्या झाल्या. टपरीवाला घोटून ठेवायचाच माझ्यासाठी.

तारीख मिळाली होती जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याची, म्हणजे थंडीत ऑपरेशन होऊन नंतर पोटाला बांधायचा पट्टा उन्हाळ्याच्या आत निघाला असता. आठवडाभर आधी मॅडमनी इतर तपासण्यांबरोबर लघवीची कोटिनिन टेस्ट लावली. निकोटिन शरीरात मोडलं की त्याचं कोटिनिन बनतं, ते निकोटिनपेक्षा बराच जास्त वेळ राहतं त्यामुळं काल-परवा खाल्लेलंही कळतं. माझी टेस्ट पॉझिटिव्ह. मॅडमनी रिपोर्ट समोर ठेवला आणि विचारलं, सिगारेट चालू आहे का? मी म्हणालो नाही, आईशप्पथ नाही. मग त्या थोडं थांबून म्हणाल्या, मावा, मिश्री, खैनी? बायको माझ्याकडं बघायला लागली. तो क्षण मला आयुष्यभर लक्षात राहील.

रागावल्या नाहीत त्या. कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवलं. टमी टकमध्ये पोटाची कातडी खालच्या स्नायूपासून वर बरगड्यांपर्यंत सोडवतात, मग ती खाली ओढून जादाची कापून टाकतात. सोडवताना खालून वर येणाऱ्या बऱ्याचशा बारीक रक्तवाहिन्या कापल्या जातात. म्हणजे उरलेल्या कातडीला रक्त लांबून, कडेनं येतं आणि सगळ्यात कमी पोचतं ते टाक्याच्या मधल्या भागाला, बेंबीच्या खाली. निकोटिन ह्याच बारीक वाहिन्या आवळून टाकतं. सिगारेटमध्ये वर कार्बन मोनॉक्साइड असतो तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो, मावा तेवढं करत नाही पण वाहिन्या आवळायचं काम तोही करतो. मग कातडी काळी पडते, मरते, टाके उघडतात, महिनोन्महिने ड्रेसिंग. "तुमच्या पोटाला तंबाखू तोंडातून आली का धुरातून आली ते कळत नाही," असं म्हणाल्या.

तारीख सहा आठवडे पुढं. बायको घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. दारात चप्पल काढता काढता म्हणाली, "अहो, मला नाही सांगितलं ते नाही सांगितलं, डॉक्टरला तरी सांगायचं." मला उत्तर नव्हतं.

मग खरं सोडणं सुरू झालं. मेडिकलमधनं निकोटिनचा च्युइंगम आणायचं ठरवलं होतं, बरं झालं आधी फोन करून विचारलं. मॅडम म्हणाल्या, एरवी तंबाखू सोडायला गम चांगलं औषध आहे, पण ह्या ऑपरेशनच्या आधी ते पण निकोटिनच, टेस्टमध्ये तेही येणार. पुण्याचा मावसभाऊ वेप देतो म्हणाला, त्यातही तेच, आणि २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदीच आहे आपल्याकडं. शेवटी सिगारेटच्या जुन्या पाकिटावर छापलेला तंबाखू सोडायच्या हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ नंबर लावला. फुकट आहे. पलीकडच्या बाईंनी नीट विचारपूस केली, कधी खाता, कुणाबरोबर खाता, हात कधी खिशाकडं जातो. तलफ आली की काही मिनिटं ढकला, पाणी प्या, जागा बदला म्हणाल्या. ऐकायला साधं वाटतं पण पहिले चार दिवस मी ह्याच्यावरच काढले. डोकं ठणकायचं, पोरांवर ओरडायचो, रात्रपाळीत डोळे मिटायचे. खिशात पुडीच्या जागी बडीशेप ठेवली.

सगळ्यात अवघड गेली ती गड्ड्याची यात्रा. सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची मिरवणूक बघून रात्री होम मैदानावर सगळा ग्रुप जमलेला, एकानं पुडी पुढं केली. "काय बे, एका चिमटीनं काय होतंय?" मी सरळ सांगितलं, ऑपरेशन आहे, पोटाची कातडी मरंल. आधी हसले, मग गप्प झाले. लाज सोडून कारण सांगितलं की लोक आग्रह करत नाहीत हे मला तिथं कळलं.

दारू मला त्यामानानं सोपी गेली. आधी दोन आठवडे आणि नंतर औषधं संपेपर्यंत बंद सांगितलेली, कारण रक्तस्राव आणि सूज वाढते, भुलीच्या औषधांशी जमत नाही, आणि वेदनेला पॅरासिटामॉल द्यायचं तर लिव्हर मोकळं हवं. पण भुलीच्या डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती इथं मुद्दाम लिहितो. जो रोज पितो त्यानं ऑपरेशनसाठी एकदम स्वतःच्या मनानं बंद करू नये, हात थरथरणं, भ्रम, फिटसुद्धा येऊ शकते, डॉक्टरला खरा आकडा सांगून त्यांच्या देखरेखीखालीच सोडायची. आमच्या ग्रुपातला एकजण रोज क्वार्टर घेतो आणि त्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, त्याला त्याच दिवशी फोन केला.

फेब्रुवारीच्या शेवटी दुसरी टेस्ट निगेटिव्ह आली आणि ऑपरेशन झालं. जखमेतलं पाणी बाहेर काढायला दोन नळ्या, वाकून चालणं, गुडघ्याखाली उशा. सकाळचा तो सिगारेटचा खोकला तोवर गेला होता, ह्याचं मोल मला पहिल्यांदा शिंक आली तेव्हा समजलं, एका शिंकेला टाके इतके ओढले, रोजचा खोकला असता तर काय झालं असतं.

दहाव्या दिवशी टाक्याच्या बरोबर मध्ये, मॅडमनी चित्रात दाखवलेल्याच जागी, रुपयाच्या नाण्याएवढा काळसर डाग दिसला. मी पार घाबरलो. तीन आठवडे ड्रेसिंग करून तो भरला, मॅडम म्हणाल्या मावा चालू असता तर डाग एवढ्यावर थांबला असता असं मला वाटत नाही.

पट्टा सहा आठवडे. जानेवारीत झालं असतं तर फेब्रुवारीतच निघाला असता, पण मला तो एप्रिलपर्यंत, सोलापूरच्या उन्हात, पंख्याखाली घामानं भिजत घालावा लागला. रोज संध्याकाळी बायको पट्टा सोडून कातडी पुसायची, परत बांधायची.

आता ऑगस्ट आहे. मावा नाही. सिगारेट एकदा लग्नात हातात घेतली होती, न पेटवता परत दिली. मॅडमकडच्या पुढच्या फॉर्मवर तंबाखूच्या रकान्यात मी सगळं लिहिलं, किती वर्षं, रोज किती पुड्या, कधी सोडला. बायको शेजारीच बसली होती.