हँडल वळलं, जेट स्की नाही

जेट स्की शिकायला येणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, 'किती पळते?' थांबते कशी, हे सहसा कुणी विचारत नाही.

त्या दिवशीचे गृहस्थ पन्नाशीचे. लेखी परीक्षेत एकही चूक नाही. समोरासमोर आलो तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं, उजवीकडून आडव्या येणाऱ्या बोटीला आपण वाट द्यायची. समुद्रात टक्कर टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम त्यांना माझ्यापेक्षा चांगले पाठ. फक्त मनगटाला अडकवायची किल स्विचची लाल दोरी त्यांना खटकत होती; माणूस पडला की तिची क्लिप निघते आणि इंजिन बंद होतं. "हातकडी घातल्यासारखं वाटतंय हो." मी ऐकलं नाही.

मी छातीभर पाण्यात, बोयाला, म्हणजे खुणेच्या तरंगत्या पिंपाला, धरून उभा. त्यांनी माझ्या दिशेने यायचं आणि लांबूनच वळून निघून जायचं. आले. वेग जास्त झालाय हे लक्षात येताच त्यांनी गाडीत करतो तेच केलं: थ्रॉटल, म्हणजे वेग देणारा खटका, सोडला आणि हँडल पूर्ण डावीकडे फिरवलं. जेट स्की सरळ माझ्याकडेच.

तिला सुकाणू नसतं. आतला पंखा, म्हणजे इम्पेलर, पाणी ओढून मागच्या तोटीतून जोरात फेकतो आणि हँडल ती तोटी फिरवतं. थ्रॉटल सोडला की धार गेली, धारेबरोबर वळणंही गेलं. मग 300 किलोंहून जड धूड जिकडे निघालंय तिकडेच जाणार. 2009 पासून काही मॉडेलना ब्रेक आलेत, पण आमचं त्याआधीचं.

"थ्रॉटल द्या!" मी ओरडलो. अंगावर येणाऱ्याला 'अजून दे' म्हणायचं! त्यांची बोटं उघडी ती उघडीच. बुडी मारावी म्हटलं तर अंगातलं लाइफ जॅकेट बुडू देईना. बोयाला लाथ मारून मी बाजूला झालो, पुढचं टोक खांद्याला घासून गेलं आणि बोयावर आदळलं. धक्क्याने त्यांची मूठ थ्रॉटलवरच आवळली, इंजिन किंचाळलं, ते पाण्यात पडले आणि इंजिन एकदम गप्प. ते वर आले तेव्हा मनगटाला दोरी लोंबत होती, टोकाला क्लिप.

चूक माझी होती. पोहणाऱ्यांपासून लांब राहा, असं बहुतेक ठिकाणचा कायदा सांगतो, मीही दर वर्गात सांगतो, आणि स्वतःच निशाण होऊन उभा राहिलो होतो. आता पाण्यात माणूस ठेवत नाही. मोकळ्या पाण्यात दोन बोये, आणि पहिला धडा मुद्दाम थ्रॉटल सोडून हँडल फिरवायचा.

तो धडा पहिल्यांदा त्याच गृहस्थांनी केला, तासाभराने. मागच्या बाजूने वर चढले, दोरी स्वतःच अडकवली, मग म्हणाले, "तुम्ही जरा लांब जा बरं."